खोली क्रमांक चौदा

इतिहासाशेजारी रसायन बसवायचं,
रसायनाला लागून वाणिज्य,
म्हणजे कुणी कुणाचं बघून लिहीत नाही.
परीक्षा विभागाची ही जुनी युक्ती.
तीन वर्षं एकाच कॅन्टीनचा चहा पिऊन
ही पोरं एका बाकावर येतात ती अशी,
एकमेकांच्या काही कामाची नसल्याच्या भरवशावर.

मी पर्यवेक्षक. तासिका तत्त्वावर.
विषय तर्कशास्त्र. यंदा विद्यार्थी चार,
त्यातली एक फेब्रुवारीत लग्न होऊन विट्याला गेली.
इथे मला करायचं एवढंच:
सह्या, पुरवण्या, पांढरा दोरा,
आणि एकोणीस सालच्या पुराच्या रेघेला पाठ टेकून उभं राहणं.
दोनदा रंग दिला, रेघ वर येतेच.
एप्रिल. पंखा फिरतो, वारा मात्र मिरजेला जात असावा.

तिसऱ्या बाकावर दिगंबर ऐवळे, बी.कॉम.
पहाटे मार्केट यार्डात हळदीची पोती शिवून आलेला.
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पिवळा अंगठा,
कॉलेजच्या शिक्क्यापेक्षा स्पष्ट.
शेजारी शबनम मुजावर, रसायन,
ओढणीला पिन, मान खाली.
भिंतीकडे सन्मती मगदूम, इतिहास,
अर्ध्या तासाला एक पुरवणी मागणारा.
मला शंका येते, एवढं घडलं तरी होतं का?

साडेबाराला भरारी पथक.
दोन साहेब, एक बाई, बुटांवर जीपची धूळ.
"हात बघू. हे काय लावलंय?"
"हळद, सर."
"अक्षरं पुसलीस. जा, धुऊन ये."
दिगंबर गेला. नळाला बारीक धार,
खिडकीत कपडे धुवायच्या साबणाची वडी.
परत आला तेव्हा हात
मनगटापर्यंत लालभडक.

साहेबांनी उत्तरपत्रिका मिटायला सांगितली.
माझ्या विषयात हे फळ्यावर लिहितात:
ज्याचा रंग बदलतो तो काहीतरी लपवतो,
याचा रंग बदलला,
म्हणून.
पहिलंच विधान पोकळ. मला दिसत होतं.
पण तासिका तत्त्वावरचं तोंड
उघडायच्या आधी पुढच्या जूनचा विचार करतं.

उठली ती शबनम.
"सर, साबण अल्कली असतो. अल्कलीत हळद लाल होते.
लिंबू पिळा, परत पिवळी होईल."

लिंबू कुठून आणायचं?
सन्मतीच्या डब्यात होतं, पोह्यांवर,
बाहेर व्हरांड्यात, दप्तरांच्या ढिगात.
अर्धी फोड. एक बी चिकटलेली.
सगळ्या खोलीसमोर साहेबांनी स्वतः पिळली.
पिवळं झालं.
बाई हसल्या. साहेबांनी रुमाल काढला,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: निरंक.

अकरा मिनिटं गेली होती.
ती परत देण्याचा नियम नाही.
दिगंबरचा ताळेबंद चाळीस रुपयांनी जुळेना,
त्यानं ते चाळीस निलंबित खात्यात टाकले
आणि पेन ठेवलं. बाकाला लिंबाचा वास.

घंटेनंतर मी गठ्ठे बांधत होते,
कला वेगळा, वाणिज्य वेगळा, विज्ञान वेगळा,
तर सन्मती दाराशी घुटमळतोय.
"मॅडम, पण सांगलीत हळदीचा बाजार बसला कधी?
आमच्या पेपरात सगळ्या लढायाच होत्या."
मला माहीत नव्हतं.
दिगंबर म्हणाला, आमचे शेठ सांगतात, त्यांच्या पणज्यापासून.
शबनम म्हणाली, पणजा म्हणजे नक्की कितवं साल?
तिघं भांडत जिना उतरली.

मी दोऱ्याला गाठ मारली.
माझंही बोट पिवळं झालं होतं.
मानधनाच्या रजिस्टरवर सही करण्याआधी
हात धुवावा की नाही,
ते ठरेना.